थेंब तरंगला! हिमोग्लोबिन, बीट आणि माझी दोन महिन्यांची फुकट गेलेली मेहनत

डोंबिवलीकरीण

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय. चूकभूल द्यावी घ्यावी.

आमच्या सोसायटीत दर २६ जानेवारीला रक्तदान शिबिर असतं. यंदा मी पहिल्यांदाच नाव दिलं. (नवरा सात-आठ वर्षं देतोय आणि दरवेळी प्रमाणपत्र फ्रिजवर लावतो, तोही राग होताच.) त्या मुलीने बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब निळ्याशार पाण्याच्या बाटलीत सोडला. माझ्या आधीच्या काकांचा थेंब खड्यासारखा तळाला गेला होता. माझा थोडा खाली गेला, थबकला आणि अलगद वर येऊन तरंगायला लागला. "मॅडम, तुम्हाला नाही देता येणार." मागे रांगेत आख्खी बी विंग.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये हिमोग्लोबिन तपासलं. ९.४. वय ४१, शाकाहारी, अंडं चालतं. तसा काही त्रास नाही. जिना चढताना धाप लागते, पण ती मी रोजच्या लोकलच्या धावपळीच्या खात्यावर टाकली होती.

मग घेतलं मनावर. रोज सकाळी ग्लासभर बिटाचा रस, चार खजूर, संध्याकाळी गूळ-शेंगदाणे. मिक्सर, ओटा, दोन गाऊन, सगळं लालेलाल. दोन महिन्यांनी परत तपासलं. ९.५!! एवढ्या बिटांत बिचारा एक पॉइंट.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, पण पोटात ढवळायचं, शिवाय संडास काळी व्हायला लागली म्हणून घाबरून पाचव्या दिवशी बंद केल्या. घरगुती काय करता येईल? स्वतः करून पाहिलेलं सांगा. व्हॉट्सअॅपवरचं नको, ते सासूबाई रोज पाठवतात.

चहाबाज

बीट सोडा, डाळिंब घ्या. आमच्याकडे आजी म्हणायची, लाल ते रक्ताला चांगलं.

खुसपटराव

त्या हिशेबाने जांभळं खाऊन आपण सगळे निळे व्हायला हवे होतो.

बिटाचा लाल रंग बिटाचा स्वतःचा, त्याचा लोहाशी काही संबंध नाही. १०० ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली जे आकडे दिलेत त्यात मोठ्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवं, पुरुषाला १९. आता करा भागाकार. गुळात असतं, पण आपण गुळाचा खडा खातो, ढेप नाही. आणि डाळिंबाची गत बिटासारखीच.

पालकाचीही हवा जास्तच. १०० ग्रॅममध्ये तीनेक मिलिग्रॅम, त्यातलंही पोटात मुरतं फार थोडं. माठ आणि राजगिऱ्याचा पाला त्याच्या पुढे आहे, आणि स्वस्तही.

मूळ गंमत वेगळीच आहे. भाजी-धान्यातल्या लोहापैकी आपलं आतडं शंभरात पाच-दहा भागच घेतं. २९ हा आकडा एवढा मोठा आहे तो त्यामुळेच. तेव्हा किती खाल्लं यापेक्षा किती मुरलं ते बघा.

बोंबील

शाकाहारी लोकांचं दुःख बघवत नाही. बकऱ्याची कलेजी, तिसऱ्यांचं सुकं, जवळ्याची चटणी. मांसमच्छीतलं लोह अंगाला लवकर लागतं. हलकं घ्या. आणि लिंबू पिळून घ्या.

सिस्टरताई

डोंबिवलीकरीण, आधी तीन प्रश्नांची उत्तरं दे.
गोळी कशाबरोबर घेत होतीस? सकाळी खातेस काय? आणि पाळी किती दिवस चालते?

डोंबिवलीकरीण

ताई, गोळी सकाळी चहाबरोबर घ्यायचे, म्हणजे विसरायला नको. नाश्ता चहा-पोळी, कधी चहा-खारी. डबा दीडला, आणि त्यावर लगेच ऑफिसचा मशीनचा चहा. साडेचारला परत एक. घरी आल्यावर एक. रात्रीचा धरत नाही, तो अर्धाच असतो.

तिसऱ्या प्रश्नाचं राहू दे, सगळ्यांसारखीच.

सिस्टरताई

बरं, राहू दे. सध्या.

अगं, तू गोळी चहात बुडवून वाया घालवत होतीस. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, आतड्याला सोडतच नाही. जेवणाबरोबर कपभर चहा घेतला तर त्या जेवणातलं निम्म्याहून जास्त लोह हातचं जातं. चहा-पोळी हा आपल्याकडचा राष्ट्रीय नाश्ता, त्यात गव्हातलं लोहही गेलं आणि गोळीतलंही. कॉफीचं तेच. दुधातलं कॅल्शियमही आड येतं, म्हणून "गोळी दुधाबरोबर घे, ताकद येईल" हा सल्ला चुकीचा. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती दुसऱ्या वेळेला.

मी ३१ वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली, त्यातली बरीच नंदुरबार जिल्ह्यात. गरोदर बायांना लाल गोळ्या वाटायचो, एकेकीत ६० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक अॅसिड, १८० दिवस रोज एक. रजिस्टरमध्ये सगळ्या नियमित. घरी गेलं की कणगीच्या मागे गोळ्यांची आख्खी पानं सापडायची. एक म्हातारी मला म्हणाली, "काळं पडतं बाई आतून, पोर काळं होईल." सून संडासला काळं झालं म्हणून घाबरलेली आणि सासूने त्यातून पोराच्या रंगापर्यंत मजल मारलेली. तेव्हापासून मी गोळी हातात ठेवायच्या आधीच सांगायला लागले: संडास काळी होणार, घाबरायचं नाही, न मुरलेलं लोह बाहेर पडतं ते. मग कणगीमागची पानं कमी झाली. तुझ्या डॉक्टरांनी तेवढं एक वाक्य सांगितलं असतं तर तुझे दोन महिने वाचले असते.

आता घरचं. गोळी लिंबूपाण्याबरोबर, जेवणापासून लांब. पोटात ढवळत असेल तर दोन घास खाऊन किंवा रात्री झोपताना घे. तरी जमत नसेल तर डॉक्टरांना एक दिवसाआडचं विचार, हल्ली बरेच जण तसं देतात आणि त्याने त्रासही कमी होतो. बद्धकोष्ठ होतं, म्हणून पाणी आणि पालेभाजी वाढव. जेवणात काहीतरी कच्चं आंबट हवंच: लिंबाची फोड, आवळ्याचा कीस, नाहीतर कोबीची कोशिंबीर वरून लिंबू पिळून. क जीवनसत्त्वाने तेच लोह जास्त मुरतं. लिंबू शिजवताना घालू नको, ताटात पिळ. आणि चहा जेवणाच्या एक तास मागे किंवा पुढे.

नंदुरबारवरून आठवलं. त्या पट्ट्यात, आणि गडचिरोलीकडेही, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तिथे रक्त कमी दिसलं की सरसकट लोह देऊन चालत नाही, आधी तपासणी. तेव्हा धागा वाचून कोणी शेजाऱ्याच्या गोळ्या आणून खाऊ नका.

चहाबाज

ताई, सगळं पटलं. पण जेवणावरचा चहा सोडायचा म्हणजे... माझं नावच बघा ना.

सिस्टरताई

सोडू नकोस रे बाबा. तास थांब. शिवाय तू पुरुष, तुला दर महिन्याला रक्त जात नाही. बायका तुझ्याबरोबर बसून चहा पितात आणि किंमत त्या मोजतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के जणींचं हिमोग्लोबिन कमी निघालं होतं.

अंबाडीची भाजी

मी लातूरची. वर माठ-राजगिरा आला, पण आमच्या अंबाडीचं कोणी नावच घेईना, म्हणून आयडीची लाज राखायला लिहिते.

अंबाडी आंबट, आणि आंबट भाजी लोखंडी कढईत केली की कढईतलं लोह भाजीत उतरतं. आमच्याकडं हे कुणी शास्त्र म्हणून करीत नाही, कढई लोखंडाचीच असते म्हणून करतात.

एक जुडी अंबाडी निवडून बारीक चिरायची. अर्धी वाटी तूरडाळ, पाव वाटी ज्वारीच्या कण्या (नसतील तर तांदळाच्या), मूठभर शेंगदाणे. सगळं कुकरला लावून मऊ करायचं आणि पळीनं घोटायचं. मग लोखंडी कढईत हे घोटलेलं, मीठ, तिखट, सुपारीएवढा गूळ आणि लागेल तसं पाणी घालून मंद आचेवर दहा मिनिटं रटरटू द्यायचं. दुसरीकडं लोखंडी पळीत तेल चांगलं तापवून आठ-दहा लसूण पाकळ्या ठेचून टाकायच्या, लाल झाल्या की वरून ओतायचं. तेलाला हात आखडायचा नाही. ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा.

दोन गोष्टी. भाजी काळपट दिसते, पाहुणे आले तर आधीच सांगा. आणि झाली की लगेच स्टीलच्या भांड्यात काढा. रात्रभर कढईतच राहिली तर सकाळी चव अशी लागते जशी दाराची कडी चाटली.

खुसपटराव

दाराच्या कडीची चव माहीत आहे हे रोचक आहे.

कढईला मात्र अनुमोदन. इथिओपियात लहान मुलांवर केलेला अभ्यास १९९९ साली लॅन्सेटमध्ये आला होता. लोखंडी भांड्यात रांधलेलं खाणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन अॅल्युमिनियमच्या भांड्यातलं खाणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलं. आणि कंबोडियात तर लोखंडाचा मुठीत मावेल एवढा मासा पातेल्यात सोडून पाणी उकळायची कल्पना निघाली. नुसता लोखंडाचा तुकडा कोणी टाकेना, म्हणून तिकडे शुभ मानतात तसा मासा घडवला.

रेवा म्युनिक

माझ्याकडे आईने दिलेली लोखंडी कढई आहे, पण सतत गंजते. दर वेळी नारिंगी. तो गंज पोटात गेला तर चालतो का, लोहच ना शेवटी? (हसू नका.)

अंबाडीची भाजी

रेवा, गंज खायचा नसतो गं बाई. घासून काढ. धुतली की पुसून लगेच गॅसवर कोरडी कर, बोटभर तेल सगळीकडं फिरव आणि कागदात गुंडाळून ठेव. रात्रभर सिंकमध्ये ठेवलीस की संपलं. डिशवॉशरला तर दाखवूसुद्धा नको.

खुसपटराव

पुरवणी: तेल पाजून पाजून गुळगुळीत झालेला बिडाचा तवा डोशाला झकास, पण त्यावर कोरडं काही केलं तर लोह फारसं उतरत नाही. उतरतं ते आंबट, पातळ आणि जास्त वेळ शिजणाऱ्या पदार्थात. सार, आमटी, टोमॅटोची चटणी. तेव्हा "आम्ही पोळ्या लोखंडी तव्यावर करतो" यावर फार विसंबू नका.

चिपळूणचा आबा

मंडळी, वय वर्षे ६९. टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

हळिवाचे लाडू कोणीच कसे काढले नाहीत? (तुम्ही घाटावरचे अळीव म्हणता.) आमच्या सौ. शेजारी बसून सांगत आहेत, मी लिहितो.

हळीव पाव वाटी. शहाळ्याच्या नाहीतर नारळाच्या पाण्यात दोन-तीन तास भिजत घाला. मोठं भांडं घ्या, कारण ते दाणे सब्जासारखे फुगतात आणि पाव वाटीचे वाटी-दीड वाटी होतात. भिजल्यावर प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत गोळा दिसला पाहिजे. कोरडा दाणा राहिला तर दातात मोहरीसारखा येतो. दोन वाट्या ओलं खोबरं खवून, पांढरं तेवढंच, करवंटीजवळचं काळं नको. एक वाटी चिरलेला गूळ. तिन्ही जाड बुडाच्या पातेल्यात एकत्र करून मंद आचेवर ढवळत राहायचं. आधी गूळ सुटून पातळ होतं, घाबरू नये. पंधरा-वीस मिनिटांत पातेल्याच्या कडा सोडायला लागलं की जायफळ किसून घालावं आणि उतरवावं. कोमट असताना तुपाचा हात लावून वळावे. सौ. म्हणतात, "वळताना चिकटले तर अजून दोन मिनिटं हवं होतं असं समजा." बाहेर दोन दिवस, फ्रिजमध्ये आठवडा. हे बाळंतिणीचं खाणं, आमच्याकडे गरोदरपणी देत नाहीत. दिवसाला एक पुरे, मी तीन खातो ते सौ. लिहू देत नाहीत.

आता दुसरं. सिस्टरताईंनी काळ्या संडाशीचं लिहिलं, त्यावर माझा अनुभव. मला गोळ्या चालूच नव्हत्या आणि संडास डांबरासारखी काळी, चिकट. मी समजलो आमसूल जास्त झालं. हिमोग्लोबिन ८.१. सौ. महिनाभर हळीव घालत होत्या. शेवटी मुलाने मुंबईला नेलं, दुर्बीण घातली, तर जठरात व्रण. गुडघ्यासाठी मी दोन वर्षं औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या स्वतःच आणून खात होतो, त्याने झालेला. रक्त आत झिरपत होतं आणि आम्ही वरून लाडू ओतत होतो.

सिस्टरताई

आबा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. गोळी चालू असताना काळी, तर ठीक. गोळी नसताना डांबरासारखी, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि पुरुषाचं, त्यातून साठीच्या पुढच्या पुरुषाचं रक्त उगाच कमी होत नाही. कुठून तरी जात असतं, ते शोधावं लागतं.

आता कोणाला राग आला तरी चालेल, माझा तिसरा प्रश्न अजून तसाच पडलाय.

रेवा म्युनिक

अवांतर: अळीव इथे 'क्रेसे' नावाने मिळतं! लोक खिडकीत कापसावर उगवून ब्रेडवर कोवळा पाला घालतात. मी आनंदाने बियांची पाकिटं आणली, मग लक्षात आलं की बागकामाच्या बियांना औषध लावलेलं असू शकतं. खाण्याचं वेगळं शोधा. वाचनखूण साठवली, लाडू या शनिवारी. नारळाचं पाणी खोक्यातलं, आबा, माफ करा.

डोंबिवलीकरीण

सिस्टरताई, तीन दिवस हा धागा उघडून बंद करतेय.

नऊ दिवस. त्यातले चार दिवस दर दोन तासांनी बदलावं लागतं. रात्री चादरीखाली जुना टॉवेल घालून झोपते. काळी सलवार त्या आठवड्यासाठी वेगळी ठेवलेली आहे. दोन-तीन वर्षं झाली. आईचंही असंच होतं, म्हणून मला वाटलं चाळिशीत असंच असतं. लॅबमध्ये कोणी विचारलं नाही, डॉक्टरांनीही नाही, आणि मी तरी आपणहून काय सांगणार, केबिनचं दार उघडं होतं.

सिस्टरताई

सगळ्यांसारखी नाहीये, बाळा. सात दिवसांच्या वर, किंवा दर दोन तासांनी बदलायची वेळ येत असेल तर ते अति. बिटाची चूक नव्हती गं, बादलीलाच भोक होतं. या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, सोनोग्राफी करून घे. रक्तात फेरिटिन (त्यावरून अंगातला लोहाचा साठा कळतो) आणि बी १२ पण बघायला सांग, शाकाहारी आहेस. आणि आत गेल्यावर दार लावायला सांग. ते सांगता येतं.

डोंबिवलीकरीण

जाऊन आले. गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ, चार सेंटिमीटर. घाबरण्यासारखं नाही म्हणाल्या, या वयात बऱ्याच जणींना असते. रक्तस्राव कमी करायला पाळीच्या दिवसांत घ्यायच्या गोळ्या दिल्यात, सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी. फेरिटिन ६. बी १२ काठावर. लोहाची गोळी परत सुरू, एक दिवसाआड, रात्री, लिंबूपाण्याबरोबर. ढवळत नाही.

नाश्त्याला चहा-पोळी बंद. आधी मटकीची उसळ नाहीतर बेसनाचं धिरडं, लिंबू पिळून. चहा ट्रेनमधून उतरल्यावर. पहिले चार दिवस डोकं ठणकलं आणि मी सिस्टरताईंना मनात बरंच बोलून घेतलं.

चहाबाज

+१. मी पण बोललो.

डोंबिवलीकरीण

धागा वर काढतेय. आज १६ ऑगस्ट.

हिमोग्लोबिन गेल्या आठवड्यात १२.१. जिन्यावर धाप नाही. पाळी सहा दिवसांवर आली आहे, टॉवेल कपाटात गेला. सासूबाईंनी माळ्यावरून त्यांची लोखंडी कढई काढून दिली, वर म्हणाल्या, "मी मेसेज पाठवायचे तेव्हा ऐकलं नाहीस." कढईचा मेसेज त्यांनी एकदाही पाठवला नव्हता, बिटाचेच पाठवले होते. पण कढई चांगली आहे. आबा, हळिवाचे लाडू तिसऱ्या प्रयत्नात वळले. पहिल्या दोन वेळा चमच्याने खाल्ले.

काल सोसायटीत परत शिबिर होतं. १२.५ लागतं हे माहीत होतं, तरी रांगेत उभी राहिले. तीच मुलगी. थेंब सोडला. निम्म्यापर्यंत गेला, मध्ये तीन-चार सेकंद घुटमळला. मी, ती आणि मागच्या कुलकर्णी काकू, तिघी वाकून बघतोय. मग आला हळूहळू वर.

"मॅडम, थोडक्यात गेलं," ती म्हणाली.

नवऱ्याचं प्रमाणपत्र फ्रिजवर लागलंय. मला बिस्किटाचा पुडा दिला त्यांनी, तसाच. चहा नको म्हटलं.

सिस्टरताई

जानेवारीत जाशील. गोळी एवढ्यात बंद करू नकोस हं, आकडा चढला तरी आतला साठा भरायला अजून काही महिने लागतात. डॉक्टर सांगतील तेव्हाच थांब.

चिपळूणचा आबा

सौ. विचारतात, चिकटले होते की फुटले होते?

डोंबिवलीकरीण

चिकटले होते आबा. दोन मिनिटं कमी पडली.